कस्टर्ड पाय घरी होत नाही?

बोरिवलीजवळच्या गोराई गावातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांना केक-बिस्किटांचं नवल नाही. नाताळला रवा, खोबरं आणि अंड्यांचं थाळी स्वीट तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाजलं जातं. तरी कस्टर्ड पाय म्हटलं की 'ते बेकरीवाल्यांनीच करावं' असं ऐकू येतं. ही धास्ती अनाठायी आहे.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे कस्टर्ड पावडरीत अंडं असतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ही पावडर बनवली, ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणूनच. त्यात मुख्यतः कॉर्नफ्लॉवर, रंग आणि व्हॅनिलाचा स्वाद असतो. त्यामुळे शाकाहारी घरातही पाय होतो: अर्धा लिटर दुधाला चार चमचे पावडर, साखर, आणि मिश्रण खदखदेपर्यंत ढवळणं. नुसतं दाट झालं की गॅस बंद करू नका, पिठूळ चव राहते. मग पूर्ण भाजलेल्या पारीत ओतून तीन-चार तास फ्रिजमध्ये.

अंड्याच्या कस्टर्डचा न्याय वेगळा. ते उकळलं की फुटतं. तीन अंडी, 400 मिली कोमट दूध, 80 ग्रॅम साखर गाळून पारीत ओता आणि 160 अंशांवर साधारण 35 ते 40 मिनिटं भाजा. मधोमध घट्ट होईपर्यंत ठेवायचं, असं बरेच जण समजतात, आणि तिथेच कस्टर्डला पाणी सुटतं. कडा बसल्या आणि ताटली हलवल्यावर मध्यभाग थरथरला, की ओव्हन बंद. आतली उष्णता उरलेलं काम करते.

पारी कडक होते, ती मैद्यामुळे नव्हे. खाडीकाठच्या दमट उकाड्यात लोणी हातातच वितळतं आणि मग आपण पीठ मळतच राहतो. 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम गार लोणी बोटांनी रव्यासारखं चोळा, बर्फाचं पाणी बेतानं घाला, गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आधी बेकिंग पेपरवर राजमा पसरून पारी कोरडी भाजली, की तळ ओला राहत नाही.

पायवर घालायच्या बेरी म्हणजे परदेशी, महागडी फळं हेही खरं नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळाभर बाजारात असते. मात्र तोडलेली स्ट्रॉबेरी घरी ठेवून पिकत नाही, लाल झालेलीच घ्या. देठासकट धुवा, पुसा आणि वाढायच्या अगदी आधी पायवर मांडा. साखर लावून ठेवलीत तर रस सुटून सगळं पाणचट होईल. मे महिन्यात बोरिवली स्टेशनाबाहेर आदिवासी बायका करवंदं घेऊन बसतात. ती साखरेत शिजवून, बिया काढून, गार करून वर पसरा. आंबटपणा कस्टर्डला फार शोभतो.

दूध-अंड्याचा पाय आपल्या हवेत तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. कोणाकडे न्यायचा असेल, तर बर्फाच्या डब्यात घालूनच गोराई खाडीच्या बोटीत बसा.