फुगडीची पकड आणि गिरकीचे गणित

हैदराबाद राज्यात 1956 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, आणि शिक्षण, नोकरी वा व्यापार यांच्या निमित्ताने राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांनी काचीगुडा, सुलतान बाजार अशा भागांत आपले सणवार जपले. नवविवाहितेच्या श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणात रंगणारी फुगडी त्यांपैकीच एक होय. तेलुगू मुलींचा ‘ओप्पुलकुप्पा’ हा खेळही त्याच प्रकारचा असून, त्यातही दोघी हात धरून गरगर फिरतात.

फुगडीचे सारे यश पकडीवर अवलंबून असते. दोघी समोरासमोर उभ्या राहून पावले जवळ आणतात, उजव्या हातात उजवा व डाव्या हातात डावा हात घेतात, त्यामुळे हातांची फुली तयार होते; मग कोपरे ताठ ठेवून दोघी मागे रेलतात. फिरणारे शरीर सरळ रेषेत निसटू पाहते आणि त्याला वर्तुळात खेचून धरणारे बल केवळ हातांतून मिळते. त्याच अंतरावर गिरकीचा वेग दुप्पट झाला, तर ही ओढ चौपट होते. एकीने कोपर वाकवले किंवा अंग सैल सोडले, तर दुसरीचा तोल जातो. म्हणून येथे जोरापेक्षा भाराची समान वाटणी महत्त्वाची ठरते.

पकड बदलली की खेळही बदलतो. दंडफुगडीत परस्परांचे दंड धरल्यामुळे शरीरे जवळ येतात. एका हाताच्या फुगडीत सगळा ताण एकाच खांद्यावर येतो. तर बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकावे लागत असल्याने मांड्यांचा कस लागतो. हा खेळ स्त्रियांपुरताच मर्यादित नाही, कारण पंढरीच्या वाटेवर वारकरी पुरुषही फुगडी घालतात आणि एकनाथ व तुकाराम यांच्या रचनांतही तिला स्थान मिळाले आहे.

स्कॉटलंडच्या सामूहिक लोकनृत्यात, ज्याच्या जतनासाठी 1923 मध्ये ग्लासगो येथे संस्था स्थापन झाली, अशाच पकडींना नियमांची चौकट लाभली आहे. तेथे हस्तांदोलनासारखा उजवा हात धरून जोडीदाराभोवती फिरतात, आणि चौघे समोरच्या कोपऱ्यातील जोडीदाराचा हात मध्यभागी धरून चक्रही रचतात. फुलीची पकडही तेथे आहे, परंतु जोडीने शेजारी शेजारी पुढे जाताना ती वापरली जाते. प्रत्येक फेरा ठरलेल्या मात्रांतच पुरा व्हावा लागत असल्यामुळे वेगाची मर्यादा संगीत ठरवते. फुगडीत मात्र ती खेळणाऱ्यांच्या दमावर ठरते.

याउलट तेलंगणाच्या बतुकम्मात फुलांच्या उतरंडीभोवतीचा फेर टाळ्यांच्या लयीवर संथ चालतो आणि हात धरण्याची गरज उरत नाही. फुगडीत मात्र थांबणे हीदेखील कला आहे: हात एकदम सोडल्यास दोघी विरुद्ध दिशांना फेकल्या जातात, म्हणून जाणत्या खेळाडू आधी अंग सरळ करतात, वेग ओसरू देतात आणि मगच पकड सोडतात.