ग्वाल्हेरहून सिंगापूरच्या शर्यतीला

फॉर्म्युला वनची शर्यत परदेशी जाऊन पाहायची, तर बेत उलटा आखावा लागतो. आधी शर्यतीचा रविवार पक्का करायचा, मग तिथून मागे मागे येत विमान, व्हिसा, रजा आणि शेवटी घरातून निघण्याची वेळ. स्थलदर्शनाच्या सहलीत एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तरी निभावून जाते. शर्यत मात्र दोन तासांत आटोपते आणि पुन्हा येते ती वर्षाने. ग्वाल्हेरकराला तर आधी दिल्ली गाठायची असते, आणि घरच्याच वाटेचा म्हणून या टप्प्याचा विचार सगळ्यांत कमी होतो.

तीन वर्षे हा खटाटोप करावाच लागला नव्हता. 30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. ग्वाल्हेरहून आग्र्यामार्गे मोटारीने जाता येईल एवढेच ते अंतर. 2012च्या ऑगस्टमध्ये यमुना एक्स्प्रेस-वे खुला झाल्यावर तर प्रवास आणखी सुकर झाला. 2011, 2012 आणि 2013 या तिन्ही शर्यती सेबास्टियन व्हेटेलनेच जिंकल्या. पुढे करांच्या वादात शर्यत वेळापत्रकातून गेली ती गेलीच. सप्टेंबर 2023मध्ये त्याच ट्रॅकवर मोटोजीपी झाली, पण ती मोटरसायकलींची. ज्यांनी 2013ची शर्यत तिथे बसून ऐकली त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्ही-एट इंजिनांचे ते शेवटचे वर्ष होते. 2014पासून व्ही-सिक्स टर्बो हायब्रिड इंजिने आली आणि कानठळ्या बसवणारा तो आवाज गेला. आताच्या गाड्या वेगात कमी नाहीत, पण केवळ आवाजासाठी जाणाऱ्याची थोडी निराशा होईल.

कोणती शर्यत निवडावी? मोंझा, सिल्व्हरस्टोन, स्पा ही नावे मोहात पाडतात. सिल्व्हरस्टोनला तर 13 मे 1950 रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली होती. पण मोंझा किंवा स्पासाठी शेंगेन व्हिसा हवा, तर सिल्व्हरस्टोनसाठी ब्रिटनचा वेगळा. बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रावर जातीने हजर राहावे लागते, म्हणजे ग्वाल्हेरहून दिल्लीची एक जादा फेरी. युरोपातले बरेच ट्रॅक शहरापासून दूर आहेत; जवळच्या गावांतली हॉटेले भरली की रोज लांबून ये-जा करावी लागते. पावसाची गोष्ट वेगळीच. 29 ऑगस्ट 2021 रोजी स्पाला प्रेक्षक तासन् तास भिजत बसले आणि त्यांना पाहायला मिळाल्या त्या सेफ्टी कारमागून झालेल्या मोजक्या फेऱ्या.

अबू धाबीची शर्यत 2009पासून यास मरिना सर्किटवर होते. ती बहुधा हंगामातली शेवटची असते, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. दिल्लीहून थेट विमान सुमारे चार तासांचे. अजिंक्यपद तोवर ठरलेले नसेल, तर यासारखी दुसरी शर्यत नाही. ठरलेले असेल, तर रंगत थोडी उतरते. तिकीट मात्र महिनोन् महिने आधी काढायचे असल्याने हा जुगार खेळावाच लागतो.

पहिल्या खेपेला सिंगापूर सर्वांत सोयीचे. 2008 साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. मरिना बेच्या भरवस्तीतले रस्ते त्या आठवड्यात ट्रॅक होतात, त्यामुळे हॉटेल शहरात कुठेही घेतले तरी एमआरटी मेट्रोने फाटकाजवळ उतरता येते. शाकाहारी जेवणासाठी लिटल इंडिया जवळच आहे. खर्च मात्र कमी नाही. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात, आणि ट्रॅकपासून पाच-सहा स्थानके लांब राहिले की बरेच पैसे वाचतात.

तिकीट काढताना ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग क्रिकेट स्टेडियमचा हिशेब विसरावा लागतो. तिथे कुठल्याही कोपऱ्यात बसले तरी अख्खे मैदान दिसते. 2010 साली सचिनचे द्विशतक मागच्या रांगेतल्यानेही पूर्ण पाहिले. पाच किलोमीटरला थोड्या कमी असलेल्या सिंगापूरच्या ट्रॅकचा मात्र एका जागेवरून एखादाच तुकडा दिसतो. गाड्या येतात, निघून जातात, आणि सुमारे दीड मिनिटाने परत येतात. बाकीची शर्यत समोरच्या मोठ्या पडद्यावर पाहायची. म्हणून आपल्या आसनासमोर पडदा आहे का, हे आधी तपासावे. पहिल्या वळणाजवळचे ग्रँडस्टँड महाग असते, पण सुरुवातीची झुंबड तिथेच होते. पिटसमोरून टायर बदलण्याची दोन-तीन सेकंदांची लगबग दिसते. वॉकअबाउट तिकीट स्वस्त पडते; त्यात आसन नसते, ठरावीक झोनमध्ये फिरता येते आणि कठड्याशी जागा मिळवायची तर लवकर जावे लागते. शुक्रवारी सराव, शनिवारी क्वालिफाइंग, रविवारी शर्यत असा नेहमीचा क्रम. काही ठिकाणी शनिवारी छोटी स्प्रिंट शर्यतही असते. नवख्याने शुक्रवार सोडू नये. त्या दिवशी गर्दी कमी असते आणि वेगवेगळ्या वळणांवर जाऊन गाड्या निरखता येतात.

तिकिटाचे पैसे भरताना एक साधी अडचण येते. भारतीय बँकांच्या नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते आधी सुरू करून घ्यावेत, नाहीतर विक्री उघडल्यावर ऐन वेळी व्यवहार नाकारला जातो. एजन्सीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस हा कर कापला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण सुरुवातीला खिशातून जातोच.

सिंगापूरच्या व्हिसासाठी दिल्लीला जावे लागत नाही. 14-ए हा अर्ज अधिकृत एजंटामार्फत भरला जातो आणि व्हिसा ई-मेलने येतो. मेख अशी की हा अर्ज प्रवासाच्या फार तर 30 दिवस आधी करता येतो. शर्यतीचे तिकीट आणि विमान तर त्याच्या कितीतरी आधी घेतलेले असते. त्यामुळे हॉटेल रद्द करता येण्याजोगे घ्यावे आणि विमानाच्या तिकिटाचे रद्द करण्याचे नियम वाचून ठेवावेत. सिंगापूरला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड भरायचे असते. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. विमानाच्या तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असा घोळ असेल तर पासपोर्ट प्रमाण मानून बाकीचे बुकिंग करावे. अबू धाबीला जाणाऱ्याने एवढे जास्त पाहावे, की पासपोर्टवर नुसते एकच नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश मिळत नाही.

ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळाची नवी इमारत 2024च्या मार्चमध्ये खुली झाली, पण तिथून परदेशी विमाने सुटत नाहीत. शर्यतीला निघताना दिल्लीपर्यंत रेल्वेच बरी. भोपाळकडून येणारी शताब्दी संध्याकाळी ग्वाल्हेरला येते आणि मध्यरात्रीच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. तेव्हा विमानतळाकडची मेट्रो मिळेलच असे नाही, म्हणून पहाटेचे विमान असेल तर टॅक्सी ठरवून ठेवावी. गतिमान दुपारी निघून संध्याकाळी निजामुद्दीनला सोडते. घाईगर्दी नको असेल त्याने ती घ्यावी, मात्र ती शुक्रवारी नसते. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, ती तारीख विमानाच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावी. शर्यत रविवारी असली तरी गुरुवारपर्यंत सिंगापुरात असणे चांगले. विमान चुकले तरी हाताशी एक दिवस उरतो.

शर्यत रात्री आठला सुरू होते, म्हणजे भारतातले साडेपाच. रात्र झाली तरी हवा दमट आणि उष्णच असते, त्यामुळे सुती कपडे आणि चालायचे बूट हवेत. पावसासाठी पातळ रेनकोट घ्यावा. छत्रीने मागच्यांना दिसत नाही. 2022मध्ये वादळी पावसामुळे शर्यत तासाभराहून उशिरा सुरू झाली. 2008 ते 2023 या काळात इथल्या प्रत्येक शर्यतीत किमान एकदा सेफ्टी कार बाहेर आली, त्यामुळे संपण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येत नाही.

म्हणूनच रविवारी रात्रीचे परतीचे विमान घेऊ नये. शर्यत संपली की हजारो माणसे एकाच वेळी एमआरटीकडे निघतात, आणि पडांग मैदानाच्या मंचावरचा संगीताचा कार्यक्रम ऐकायचा असेल तर आणखी उशीर होतो. सोमवारचे विमान धरून रात्री दिल्लीत मुक्काम केला, तर मंगळवारी सकाळी सहाची शताब्दी घेऊन साडेनऊच्या आसपास ग्वाल्हेर गाठता येते. पहाटे उतरणारे विमान असेल तर या गाडीचा नाद सोडून निजामुद्दीनहून आठच्या सुमारास सुटणारी गतिमान धरावी. इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा यांत तासभर सहज जातो.