दोन सेंटिमीटरचा बिट आणि खरेदीचा हिशेब

कंपनीची दोन कार्यालयं जोडणाऱ्या फायबरमधला अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा आंदोलतो आणि काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. १० गिगाबिटच्या इथरनेटमध्ये सेकंदाला एक हजार कोटी बिट निघतात, म्हणजे काचेत प्रत्येक बिटच्या वाट्याला जेमतेम २ सेंटिमीटर जागा येते. मुंबई-पुण्याइतक्या, दीडशे किलोमीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी ७५ लाख बिट वाटेवर असतात.

असे आकडे ऐकले की सर्वांत ताकदवान यंत्रच घ्यावंसं वाटतं. पण याच आकड्यांचा नीट हिशेब केला, तर पैसे कुठे वाचतात ते कळतं.

आधी अंतर पाहू. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश किलोमीटरमागे ०.२ डेसिबल क्षीण होतो, १३१० नॅनोमीटरचा ०.३५. फरक क्षुल्लक वाटतो, पण डेसिबलची घट गुणाकाराने वाढते. दीडशे किलोमीटरनंतर पहिल्या प्रकाशाचा हजारावा भाग उरतो, दुसऱ्याचा पावणेदोन लाखावा. एवढ्या पल्ल्याला १५५० आणि प्रवर्धक, याला पर्याय नाही. शहरातल्या ८ किलोमीटरवर मात्र १३१०चाही निम्म्याहून अधिक प्रकाश पोहोचतो. तिथे प्रकाश पाठवणारं आणि घेणारं, १० किलोमीटर पल्ल्याचं स्वस्त मॉड्यूल पुरतं. ८० किलोमीटरचं महाग मॉड्यूल तिथे उलट अडचण करतं. त्याचा रिसीव्हर साधारण ०.२ मिलिवॉटपर्यंतच प्रकाश सोसतो आणि एवढ्या जवळून त्याच्यावर तिपटीहून जास्त येतो. मग प्रकाश मुद्दाम कमी करायला वेगळा अटेन्युएटर विकत घ्यावा लागतो.

मग स्विच. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम, म्हणजे माहितीचं पाकीट, ६४ बाइटची. अशा फ्रेम १० गिगाबिटच्या एका पोर्टवर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार ९५२ येऊ शकतात. एकीचा पत्ता वाचून तिला वाट दाखवायला मिळतात ६७ नॅनोसेकंद; तेवढ्यात काचेतला प्रकाशही १३ मीटरच सरकतो. १,५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम असतील तर हाच आकडा ८ लाख १३ हजारांवर येतो. काम अठरापट हलकं! म्हणून विक्रेत्याने दाखवलेला वेग कुठल्या आकाराच्या फ्रेमवर मोजला, हे विचारायलाच हवं. फोनवरच्या आवाजाची पाकिटं लहानच असतात.

उद्या काम वाढलं तर नवी केबल पुरावी लागेल का? सहसा नाही. २० नॅनोमीटरच्या अंतराने १८ तरंगलांबी एकाच फायबरमध्ये बसवण्याचं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातल्या आठच वापरल्या, तरी १० गिगाबिटचे ८० होतात. त्या एकत्र करणाऱ्या साध्या मल्टिप्लेक्सरला तर वीजही लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात ४०० गिगाबिटच्या ६४ वाहिन्या फायबरच्या एकाच जोडीतून जाऊ शकतात: सेकंदाला २५.६ लाख कोटी बिट. खोदकाम एकदाच होतं, क्षमता गरजेप्रमाणे वाढवता येते. पाच वर्षांनंतरच्या वेगाचे पैसे आजच मोजायचं कारण नाही.

शेवटी भरवसा. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९९ टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटं. ही मजल एकाच महाग यंत्राने गाठायला जाऊ नये. ९९.९ टक्क्यांचे दोन स्वतंत्र मार्ग एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे वर्षाला साधारण ३२ सेकंद. मात्र दोन्ही केबल एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एक फटका हे सगळं गणित पुसून टाकतो.

म्हणून किंमतपत्रक मागवण्याआधी चार गोष्टी लिहून काढाव्यात: फायबरचं मोजलेलं नुकसान, लहान फ्रेमवरचा वेग, मोकळ्या तरंगलांबी आणि दुसऱ्या केबलचा मार्ग. या चार गोष्टी हाती असतील, तर स्वस्त यंत्रही निर्धास्तपणे घेता येतं. त्या नसतील, तर महागडंही घेऊ नये.