पहिली सुई कोणाला?

वैद्यकीय व्यवसायात असा एक प्रश्न आहे, जो रुग्ण सहसा विचारीत नाही आणि डॉक्टर आपण होऊन ज्याचे उत्तर देत नाही : हे आपण यापूर्वी किती जणांना केले आहे? शल्यविशारदाचा पहिला छेद, भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत घातलेली पहिली नळी, परिचारिकेने शोधलेली पहिली शीर, हे सारे कोणाच्या तरी देहावरच झालेले असते. आमच्या पिढीच्या बाबतीत तो देह बहुधा सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षातील गरिबाचा असे. एकदा पाहा, एकदा करा आणि मग शिकवा, हा त्या काळचा मंत्र. खाजगी खोलीतील रुग्णाला मात्र तो मंत्र लागू नसे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. गेली अनेक वर्षे इंदुरात निवासी डॉक्टरांना व इंटर्नना शिकवीत आलो आहे. त्यामुळे प्रतिकृतीवरील सराव, ज्याला आज ‘सिम्युलेशन’ म्हणतात, हा माझ्या रोजच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ही काही केवळ पाश्चात्त्यांची कल्पना नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. योग्या म्हणजे सराव. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर; भेदनाचा पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर; वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर; शिवणाचा जाड कापडाच्या कडांवर. पट्ट्या बांधायला शिकण्यासाठी तर ‘पुस्तमय पुरुष’, म्हणजे घडवलेला माणसाचा पुतळा सांगितला आहे. ज्या विद्यार्थ्याला आज सहा आकडी किमतीचा पुतळा पाहून अप्रूप वाटते, त्याला मी हा अध्याय आवर्जून दाखवतो.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड व कातडे वापरून प्रसूतीची प्रतिकृती बनवली आणि १७५९मध्ये पंधराव्या लुईचे आज्ञापत्र मिळाल्यावर गावोगावी फिरून खेड्यातील बायकांना शिकवले. वैमानिकांसाठी एडविन लिंक यांनी १९२९मध्ये जमिनीवरचे ‘विमान’ तयार केले. त्याकडे गंभीरपणे कोणी पाहिले नव्हते. १९३४मध्ये टपाल वाहून नेताना लष्कराचे वैमानिक एकामागून एक मरू लागले, तेव्हा अमेरिकेने ती यंत्रे विकत घेतली. आपल्या शास्त्राची बाहुली १९६०मधली. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील खेळण्यांचे कारखानदार ऑस्मुंड लेर्डाल यांनी ‘रेससी ॲन’ बनवली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या एका अनामिक तरुणीच्या मृत्यू-मुखवट्यावरून घेतलेला आहे. जिला कोणीही वाचवू शकले नाही, तिच्याच ओठांवर ओठ ठेवून जग श्वास द्यायला शिकले.

प्रतिकृतीवर शिकलेले रुग्णाच्या उपयोगी पडते काय, ही शंका रास्त आहे. २००२मध्ये येल विद्यापीठातील अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा निवासी शल्यचिकित्सकांपैकी निम्म्यांना संगणकावरील आभासी सराव दिला गेला आणि मग सर्वांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीद्वारे पित्ताशय सोडवले. सराव केलेले २९ टक्के जलद ठरले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची वा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाच पट अधिक होती. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर ‘हा खेळ आहे’ असे म्हणणे कठीण झाले.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि माझे विद्यार्थी आपापल्या गावी गेले. पडद्यावरून व्याख्याने सुरू झाली. व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी जागा आहे की नाही, हे पडद्यावरून कळत नाही. म्हणून मी आभासी रुग्णांकडे वळलो. प्रसंग साधा असतो : कण्यातून भूल दिली आहे, प्रतिजैविकाचे इंजेक्शन गेले आहे, आणि दोन मिनिटांत रक्तदाब कोसळतो. विद्यार्थ्याने काय करायचे ते निवडायचे. तो विचार करीत बसला, तरी घड्याळ थांबत नाही. प्राणवायूचे प्रमाण घटते तसा पल्स ऑक्सिमीटरचा स्वर खाली उतरत जातो. तो उतरणारा स्वर पुस्तकात छापता येत नाही. आम्हा भूलतज्ज्ञांच्या तर तो झोपेतही कानी येतो. घरच्या खोलीत बसून तो ऐकलेला विद्यार्थी ॲड्रेनॅलिनची अर्ध्या मिलिग्रॅमची स्नायूत द्यायची मात्रा विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पडद्यावर ‘मदतीस बोलवा’ असे एक बटन असते. बहुतेक मुले ते सर्वांत शेवटी दाबत. वरिष्ठांना हाक मारणे म्हणजे कमीपणा, हा संस्कार आम्हीच त्यांच्यावर केलेला आहे. मग मी प्रसंगानंतरच्या चर्चेत औषधांपेक्षा त्या बटनावर अधिक वेळ देऊ लागलो. किंबहुना, प्रतिकृतीतून शिकण्याचा गाभा या चर्चेतच असतो. चर्चा न करता केलेले सिम्युलेशन हा केवळ व्हिडिओ-खेळ होय.

तथापि, पडदा हाताला शिकवीत नाही. छातीवर दाब द्यायचा तो मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि किमान ५ सेंटिमीटर खोल, हे प्रश्नपत्रिकेत लिहिता येते. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे मनगट दुखू लागल्यावरच समजते. एका विद्यार्थिनीने घरी घट्ट बांधलेल्या गादीच्या वळकटीवर सराव केला. तिची चिकाटी वाखाणण्याजोगी होती, पण वळकटी छातीप्रमाणे वर उसळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘हार्टकोड’ अभ्यासक्रमात म्हणूनच विचाराचा भाग संगणकावर आणि हाताचा भाग बाहुलीवर अशी विभागणी आहे. हीच वाट मला योग्य वाटते. केवळ पडद्यावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे वाटणारे जे पेव फुटले आहे, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, ते मला पटत नाही. २०१०मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या उपक्रमासाठी नवजात बाळाची ‘निओनाताली’ ही बाहुली आली. तिच्यात पाणी भरले की ती खऱ्या बाळाच्या वजनाची होते आणि हातातला रबरी फुगा दाबला की नाळेत ठोके लागतात. वीज नको, संगणक नको. उलट, २०१९पासून लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा अपेक्षित असल्यामुळे एका महाविद्यालयाने महागडे पुतळे आणले. मी गेलो तेव्हा त्यांच्यावरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. खोलीला कुलूप होते. ‘मुले खराब करतील’ असे मला सांगण्यात आले.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. भ्रमणध्वनीला जोडता येणाऱ्या, दाबाची खोली व गती तत्काळ दाखवणाऱ्या बाहुल्या आता मिळतात. अशा दोन बाहुल्या मंडळाने घ्याव्यात. प्रसंगांचे पाठ सभासदांना घरी संगणकावर पाहता येतील, आणि महिन्यातून एका रविवारी प्रत्यक्ष हाताचा सराव व्हावा. डॉक्टर नसलेल्या सभासदांना, विशेषतः ज्यांच्या घरी हृदयविकाराचा रुग्ण आहे अशांना, पहिला क्रम द्यावा. शिकवण्याचे काम मी व माझे दोन सहकारी विनामूल्य करू. बाहुल्या ठेवण्यासाठी कपाट लागेल. त्याला कुलूप लावू नये.