काँक्रीटच्या आतला गंज

इटलीतल्या जिनोआचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी भर पावसात कोसळला. ४३ माणसं गेली. १९६७ साली खुल्या झालेल्या या पुलाचा भार पेलणाऱ्या तिरक्या पोलादी तारा अभियंता रिकार्डो मोरांडी यांनी काँक्रीटने मढवल्या होत्या. हेतू गंज टाळण्याचाच. पण काँक्रीटला बारीक तडे जातात. त्यांतून पाणी आणि खाऱ्या हवेतले क्षार आत झिरपतात. पोलाद गंजलं की फुगतं, तडे रुंदावतात, आणखी पाणी शिरतं. आणि हे सारं झाकलेलं, तपासणार कसं? गंजाचा इशारा खुद्द मोरांडींनी १९७९मध्येच दिला होता. १९९०च्या दशकात एका मनोऱ्याला बाहेरून नव्या तारा जोडल्या. कोसळला तो दुसरा. त्याला ती जोड मिळालीच नव्हती.