तीस मशिन, एक उत्तरपत्रिका

परीक्षेचा पेपर फुटला तर केवढा गोंधळ होतो! पण ऑपरेटिंग सिस्टिम टाकतानाचा पेपर कायमचाच फुटलेला असतो. भाषा कुठली, टाइम झोन कुठला, डिस्कचे भाग कसे पाडायचे, पासवर्ड काय? प्रश्न दर वेळी तेच. लॅबमध्ये तीस मशिन असली तर तीसदा तेच. आमच्या लॅबमधल्या काकांची लोणावळ्याहून पुण्याला जाणारी लोकल भर पावसात चुकायची, ती यामुळेच.

मग उत्तरं एकदाच लिहून ठेवली तर? रेड हॅट घराण्यात अशा फाइलला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. मशिन चालू झालं की नेटवर्क कार्ड पीएक्सईच्या मदतीने डीएचसीपी सर्व्हरकडे पत्ता मागतं, टीएफटीपीवरून बूटलोडर आणि कर्नल उतरवून घेतं. मग इन्स्टॉलर उत्तरपत्रिका वाचून कामाला लागतो आणि आपण चहाला मोकळे!

खरी गंमत व्हर्जन बदलल्यावर. इथून पुण्याला जुन्या हायवेने बाइकवर जाता येतं, एक्स्प्रेसवेवर बाइकला बंदी. गाव तेच, नियम वेगळे. तसंच इथे. विंडोज सर्व्हर 2003 ची उत्तरपत्रिका साधी टेक्स्ट फाइल होती, 2008 पासून ती एक्सएमएल झाली. उबुंटू सर्व्हरच्या 20.04 मधल्या नव्या इन्स्टॉलरला प्रीसीड चालत नाही, त्याला ऑटोइन्स्टॉलची यामल फाइल लागते. रेड हॅट 7 मध्ये डिस्कची फाइल सिस्टिम ईएक्सटी4 ऐवजी एक्सएफएस झाली. 8 मध्ये पॅकेजेस बेसओएस आणि ॲपस्ट्रीम अशी विभागली गेली, आणि 'ऑथ' ही ओळ कालबाह्य ठरून 'ऑथसिलेक्ट' आली. सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, म्हणजे जुन्या सर्व्हरना आज ना उद्या हा घाट चढायचाच आहे.

उपाय सोपा आहे. टाइम झोन, भाषा असा सगळ्यांना सारखा भाग एका फाइलमध्ये ठेवायचा, व्हर्जनप्रमाणे बदलणारा भाग वेगळा, आणि 'इन्क्लूड' लिहून दोन्ही जोडायचे. पायकिकस्टार्टमधलं 'केएसव्हरडिफ' दोन व्हर्जनमधला फरक दाखवतं, 'केएसव्हॅलिडेटर' फाइलचं व्याकरण तपासतं. पण फक्त व्याकरण हं! वाक्य शुद्ध असूनही अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

उदाहरणार्थ 'क्लिअरपार्ट ऑल'. ही एक ओळ डिस्कवरची सगळी पार्टिशन्स न विचारता पुसते. विचारायचं नाही, हेच तर आपण तिला सांगितलेलं असतं! म्हणून हा प्रयोग हॉस्टेलच्या लॅनवर कृपया करू नका. नेटवर्कवरून आधी बूट होणारा एखादा लॅपटॉप जाळ्यात सापडला, तर मित्राचा फायनल इयर प्रोजेक्ट गेलाच म्हणून समजा. आधी व्हर्च्युअलबॉक्सवर, मग वेगळ्या स्विचवर जोडलेल्या एका मशिनवर, आणि ते नीट चाललं की बाकीच्या एकोणतीसांवर.

एक संध्याकाळ उत्तरपत्रिका लिहिण्यात जाईल खरी, पण काकांना त्यांची लोकल मिळेल.