मनगट वाकतं किती? मांडे करणाऱ्या बाईला विचारा!

कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा आणि पंजा तळहाताच्या बाजूला वाकेल तेवढा वाकवा. साधारण ८० अंश. आता उलट, मागच्या बाजूला : ७० च्या आसपास. अंगठ्याकडे जेमतेम २०, करंगळीकडे ३०. निरोगी मनगटाचा हिशेब एवढाच. पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तर काळजी नको. तुलना करायचीच तर आपल्याच दुसऱ्या हाताशी करावी.

गंमत अशी, की यातलं बरंचसं आपण वापरतच नाही. १९८५ साली अमेरिकेत १० जणांच्या मनगटांना मोजमापाचं यंत्र लावून त्यांच्याकडून ५२ ठरावीक कामं करून घेतली. तळहाताकडे ५ अंश, मागे ३० अंश एवढ्यात बहुतेक सगळी उरकली! बाकीचं मनगट भरपगारी रजेवर.

त्या ५२ कामांत खापरावरचा मांडा नक्कीच नव्हता. धरणगावात आणि एकूणच खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर मांडे हवेतच. कणीक तिंबून तिंबून लवचीक केलेली. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर थोडा लाटायचा आणि मग थेट हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत राहायचं. पोळी आपल्याच वजनानं पसरत जाते. पंजा वर, खाली, आत, बाहेर, क्षणभर उसंत नाही. नख लागलं की भोक, आणि भोक पडलं की पुरण बाहेर. पोळी कोपराकडे लोंबायला लागली, की चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या खापरावर अलगद पसरायची. मनगट ताठ ठेवून हे करून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे डझनभर मांडे.

यात एक चकवा आहे. तळहात उताणा-पालथा होतो तो मनगटामुळे, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात कोपरापासून निघालेल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडाभोवती फिरतं आणि पंजा नुसता त्याच्यासोबत जातो. कुलपात किल्ली फिरते तीही अशीच. श्रेय मात्र मनगटाला!

मनगटाच्या आत आठ छोटी हाडं, दोन ओळींत. मनगट वाकतं ते दोन ठिकाणी थोडं थोडं : एकदा पहिल्या ओळीच्या मागे, एकदा दोन ओळींच्या मधे. आता जळगावी भरताची हिरवी वांगी लाकडी बडगीत ठेचताना नीट बघा. हात वर जाताना मनगट मागे आणि अंगठ्याकडे झुकतं, घाव घालताना पुढे आणि करंगळीकडे. ही तिरपी चाल मनगटाला फार मानवते. तीत पहिली ओळ जवळजवळ स्वस्थ असते आणि काम दोन ओळींच्या मधल्या सांध्यावर चालतं. हातोडा मारणं, दगड भिरकावणं, सगळं याच चालीचं.

जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर ही आठही हाडं दिसत नाहीत, कारण तेव्हा ती नुसती कूर्चा असतात. मग एकेक हाड ठरल्या क्रमानं उमटत जातं. शेवटचं, वाटाण्याएवढं, नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. म्हणून १६ वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय पडताळायला क्रिकेट मंडळ दाखल्यासोबत मनगटाचा एक्स-रेही बघतं. दाखल्यावरची तारीख बदलता येते, हाडावरची नाही.

आपल्या शस्त्रागारात एक उलटा नमुनाही आहे. दांडपट्ट्याची मूठ लोखंडी हातमोज्यात असते आणि तो मोजा मनगटाच्या वर पार कोपराकडे चढतो. मनगट जखडलेलं, त्यामुळे वार निघतो कोपर आणि खांद्यातून. 'मनगटात जोर' म्हणणाऱ्यांनी पट्टेबाजाचा खांदा बघावा.

आणखी एक प्रयोग. मूठ घट्ट आवळा आणि तशीच ठेवून मनगट पूर्ण आत वाकवा. मूठ ढिली पडली ना? बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असतात. मनगट आत वळलं की त्यांची ओढ सैल होते आणि पंजाच्या पाठीकडचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटं उघडायला लागतात. पकड सगळ्यांत घट्ट हवी तर मनगट जरा मागे झुकलेलं हवं, २०-३० अंश. विळा धरलेला हात आपसूकच तसा असतो, कुणी शिकवावं लागत नाही.

दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून, बोटं खाली सोडून मिनिटभर थांबा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. त्या एवढ्याशा जागेतून ती एक नस आणि तब्बल नऊ स्नायुबंध जातात. मुंग्या वरचेवर येत असतील, रात्री झोपमोड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, घसरून हातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर 'लचकलं असेल' म्हणत तेल चोळत बसू नका. तिथलं नौकेच्या आकाराचं हाड मोडलं, तर पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतही नाही. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्यानं जुळायलाही ते कुरकुर करतं. दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढून घ्या.